घंटागाडीच्या आधी येणाऱ्या बाया: कचरावेचकांच्या हक्कांचा आढावा, यवतमाळच्या संदर्भात

यवतमाळचा दत्त चौक असो की वणीची बाजारपेठ, दुकानांची शटर उघडण्याआधीच पुठ्ठा, बाटल्या आणि पन्नी वेचणाऱ्या बायांची एक फेरी होऊन गेलेली असते. त्यांच्यामागून नगर परिषदेची घंटागाडी येते. दोघांचे काम एकाच कचऱ्यावर चालते. घंटागाडीचे काम निविदेत लिहिलेले असते, तिला वजनावर किंवा फेरीवर पैसे मिळतात. बायांचे काम कुठेच लिहिलेले नसते. त्यांना मिळतो तो फक्त कबाड्याच्या काट्यावरचा भाव. गेली तीस-पस्तीस वर्षे महाराष्ट्रात कचरावेचकांच्या हक्कांची चर्चा चालू आहे आणि तिचे मूळ या फरकात आहे.

ही चर्चा पुण्या-मुंबईत वाढली. तिचे यश तिथले, तिच्या अडचणीही तिथल्याच. यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी तिचा अर्थ काय, हे मात्र फारसे तपासले गेलेले नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आणि यवतमाळ शहराची १,१६,५५१ होती. त्यानंतर लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर अशी लगतची गावे शहराच्या हद्दीत आली. पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, पांढरकवडा, घाटंजी, नेर ही बाकीची गावे त्याहून लहान. देशात कचरावेचक किती, याचे अंदाजच १५ लाखांपासून ४० लाखांपर्यंत पसरलेले आहेत, आणि त्यातही लहान गावांतील माणसे बहुधा मोजली जात नाहीत. म्हणून हा आढावा पुण्याच्या अनुभवापासून सुरू होत असला, तरी त्याचा रोख जिल्ह्याच्या गावांकडे आहे.

पुण्यात काय घडले

१९७२च्या दुष्काळात मराठवाडा आणि आसपासच्या भागांतून पुण्यात आलेल्या अनेक दलित कुटुंबांतील बायांना शहरात दोनच कामे सहज मिळत होती: बांधकामावरची मजुरी आणि कचरा वेचणे. पुण्यातील कचरावेचकांत बहुसंख्य बाया, आणि त्यातही मातंग व महार-नवबौद्ध समाजांतील बाया जास्त, हे चित्र पुढच्या सगळ्या अभ्यासांत कायम राहिले. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने १९९०च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. मुले कचऱ्यात का येतात, हे शोधता शोधता त्या त्यांच्या आयांपर्यंत पोचल्या. घराघरांतून सुका कचरा वेगळा करून घेता आला तर उकिरडा उपसण्याची गरजच उरत नाही, हे त्यांनी काही वस्त्यांमध्ये करून दाखवले.

पुढचा प्रसंग आजच्या वादाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. याच वस्त्यांत एका व्यावसायिकाने गाडी लावून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. बायांचा माल गाडीत जाऊ लागला. त्यांनी विरोध केला आणि व्यावसायिकाला माघार घ्यावी लागली. कचरा घराबाहेर पडला की तो कुणाचा, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला. १९९३मध्ये हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि तीतून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. आढावांनी तिला धर्मादाय संस्थेचे रूप न देता कामगार संघटनेचे रूप दिले. हमालाला जशी संघटना लागते तशीच वेचणारीलाही लागते, ही त्यामागची भूमिका. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. रस्त्यावर पोलिसांनी हटकले की दाखवायला काहीतरी आले. पुढे पुणे महापालिकेने आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली.

२००१च्या एका अभ्यासाने वादाला आकड्यांचा आधार दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी केलेल्या या अभ्यासात, एक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देतो, असा हिशेब मांडला होता. तोवर ‘यांचे पुनर्वसन कसे करायचे’ असे विचारले जात होते. आता ‘यांचे देणे किती’ असेही विचारता येऊ लागले.

२००८मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आणि पुणे महापालिका यांच्यात करार झाला. बाया दारोदार जाऊन कचरा घेतील, घरे महिना ठरलेली फी देतील, सुका माल बायांचा राहील, महापालिका साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च देईल. तीन हजारांहून अधिक सभासदांची ही रचना देशातील सर्वांत चर्चिलेला नमुना ठरली. मात्र ती कधीच निर्धास्त नव्हती. करार संपला की नवा होईपर्यंत मोठा काळ जाई. २०२०च्या अखेरीस तो संपल्यावर खाजगी कंत्राटदाराचा पर्याय पुन्हा पुढे आला, तेव्हा बायांच्या बाजूने हजारो नागरिक उभे राहिले. एवढी मोठी संघटना असूनही दर काही वर्षांनी आपली जागा नव्याने मागावी लागते, हे जिल्ह्याच्या गावांनी आधी लक्षात घ्यावे.

कायद्यात नाव येईपर्यंत

अलमित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून २०००चे घनकचरा नियम आले. दारोदार संकलन बंधनकारक झाले, पण वेचकांचे नाव त्यात नव्हते. शहर स्वच्छ करण्याच्या त्या प्रामाणिक प्रयत्नाने हजारोंच्या हातातला माल गाडीत गेला. २००६च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरणाने असंघटित क्षेत्राला कायदेशीर मान्यता देण्याची भाषा केली. नियमांत मात्र ती यायला दहा वर्षे लागली.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली. राज्याने नोंदणीची योजना करावी, स्थानिक संस्थांनी वेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, बचत गट बांधायला मदत करावी, ओळखपत्र द्यावे, आणि घरातून किंवा वर्गीकरण केंद्रातून वेगळा केलेला सुका कचरा घेण्याची वाट मोकळी ठेवावी, हे सगळे त्यात होते. वर्गीकृत कचरा अधिकृत वेचकाकडे द्यावा, असे घराघरांनाही सांगितले होते. हे नियम नगर परिषदांनाही लागू होते, म्हणजे दारव्हा आणि घाटंजीलाही.

पण या तरतुदींना निधी नव्हता, मुदत नव्हती, दंड नव्हता. ‘अधिकृत’ कोण, हे ठरवायचे होते नगर परिषदेने. ओळखपत्र काढले नाही तर कुणाचे काही अडत नव्हते. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांसाठी २०१४मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यांना हटवण्याआधी सर्वेक्षण करणे बंधनकारक झाले आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी बसले. कचरावेचकांसाठी असा कायदा नाही. अलीकडे ई-श्रम पोर्टल (२०२१) आणि केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४पासून झालेला कचरावेचकांचा समावेश या दोन वाटांनी नोंदणी, आयुष्मान कार्ड आणि सुरक्षा साधने मिळू शकतात. या योजनांमुळे दवाखान्याचा खर्च भागू शकतो. माल कुणाचा, याला त्या हात लावत नाहीत.

चार भूमिका

पहिली भूमिका पुण्याच्या संघटनेची आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ उपक्रमाची: काम आहे तेच ठेवा, त्याची जागा बदला. उकिरड्याऐवजी उंबरठ्यावर कचरा मिळाला, फी मिळाली, ओळख मिळाली, तर हेच काम सन्मानाचे होते. बाया हे काम निवडतात त्याची कारणेही त्या सांगतात. संध्याकाळी हातात रोख येते, डोक्यावर मुकादम नसतो, लेकराच्या शाळेच्या वेळेनुसार फेरी लावता येते.

दुसरी भूमिका प्रशासनातून आणि कंत्राटी व्यवस्थेतून येते. बंद गाड्या, जीपीएस, मार्गाचे वेळापत्रक, एकच जबाबदार कंपनी. कचऱ्याला माणसाचा हात लागू नये, हा तिचा मुद्दा आणि तो हलका नाही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या यवतमाळात सडलेल्या कचऱ्यात बसून वेचणाऱ्या बाईच्या हातातली जखम ज्याने पाहिली आहे, तो यंत्राला सरसकट नाही म्हणणार नाही. अडचण पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. पैसे टनावर मिळत असतील तर गाडीत जितके वजन तितका फायदा. वेचणारी जितका माल बाजूला काढेल तितके ठेकेदाराचे नुकसान. मग वर्गीकरण कागदावर राहते आणि ओला-सुका एकत्र होऊन डेपोवर जातो. निविदेतले हे एक कलम बदलले तर दोघांचे हित जुळू शकते.

तिसरी भूमिका वेचकांना नगर परिषदेच्या कायम सफाई कामगारांच्या बरोबरीने आणा असे म्हणते. वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा. न्यायाच्या दृष्टीने ती सगळ्यात सरळ आहे. पण नगर परिषदांमध्ये कायम भरती जवळजवळ थांबलेली आहे, आणि ज्यांच्याकडे जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला नाही त्या बाया भरतीच्या चौकटीत बसत नाहीत. शिवाय कामाच्या वेळा स्वतः ठरवण्याची मुभा हातची जाऊ नये असे अनेकींना वाटते.

चौथी भूमिका आंबेडकरी विचारातून येते आणि तिच्याकडे सन्मानाच्या चर्चेने पाठ फिरवून चालणार नाही. १९२७च्या महाड सत्याग्रहाच्या काळापासून बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढण्यासारखी लादलेली कामे सोडण्याचा आग्रह धरला. मग त्याच समाजांतील बायांना कचऱ्याच्याच कामात हातमोजे आणि जॅकेट देऊन ‘सन्मान’ मिळाला म्हणायचे का? जातीने दिलेले काम सुधारले तर जात सुधारत नाही, ती पक्की होते, असे हा विचार सांगतो. संघटनांचे उत्तर असे की आजच्या पन्नाशीच्या बाईला उद्या दुसरे काम कोण देणार? तिचे उत्पन्न वाढले तरच तिची मुलगी या कामाबाहेर पडेल. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांना मिळावी म्हणून संघटनेने दिलेल्या लढ्यामागे हाच विचार होता. मला ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. संघटनांचे आईसाठी आहे, आंबेडकरी विचाराचे मुलीसाठी. पण एकच योजना दोन्ही साधेल असे समजून आखणी केली की दोन्ही निसटतात.

जिल्ह्याच्या गावांचे गणित

पुण्याचा नमुना जसाच्या तसा पुसदला का लागू होत नाही? पहिले कारण घनता. पुण्यात एका सोसायटीत शे-दोनशे घरे एका जिन्यावर मिळतात, प्रत्येक घरातून पुठ्ठा आणि प्लास्टिक निघते. आर्णी-नेरमध्ये घरे सुटी, आणि चांगली रद्दी घरधनी स्वतःच कबाड्याला विकतात. वेचणारीपर्यंत पोचतो तो उरलेला, हलक्या भावाचा माल. चिप्सचे पाकीट, शाम्पूचे पाऊच, गुटख्याची पुडी याला भावच नाही, आणि खेड्यापाड्यांतून बाजारात येणाऱ्या मालात हेच अधिक असते.

दुसरे कारण अंतर. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. मोठ्या व्यापाऱ्यापर्यंत माल न्यायचे भाडे शेवटी वेचणारीच्या भावातून कापले जाते. कबाडी तिला उचल देतो, आजारपणात पैसे देतो आणि त्या बदल्यात माल त्याच्याकडेच यावा अशी अपेक्षा ठेवतो. त्याला नुसता शोषक म्हणून भागत नाही. लहान गावात अडीनडीला तिला दारात उभे करणारा बहुधा तोच असतो.

तिसरे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी चर्चिलेले, कारण म्हणजे हे काम बारमाही नाही. जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की शेतात मजुरी मिळते, ती संपली की हात रिकामे होतात. वर्षातून चार-सहा महिने पोते खांद्यावर घेणारी बाई स्वतःला कचरावेचक म्हणवत नाही आणि सर्वेक्षणातही सापडत नाही. पारधी बेड्यांसारख्या वस्त्यांत तर कागदपत्रांपासूनच अडते. १८७१च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२मध्ये विमुक्त झालेल्या समाजातला माणूस भंगाराचे पोते घेऊन चालला की चोरीचा संशय त्याच्यावर आधी येतो. अशा ठिकाणी नगर परिषदेने दिलेले ओळखपत्र म्हणजे रात्र ठाण्यात न काढण्याची थोडीफार हमी.

संघटना नाही, हेही खरे. पुण्यात नऊ-दहा हजारांची संघटना दर करारावेळी उभी राहते. दिग्रसमध्ये वीस-पंचवीस बायांनी कुणाकडे जायचे? निवडणुका रखडल्याने राज्यातील बहुतेक नगर परिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या, तेव्हा वॉर्डाचा नगरसेवक हा जवळचा दरवाजाही बंद होता.

याच आकाराच्या गावांनी शोधलेल्या वाटा म्हणूनच अधिक उपयोगी आहेत. छत्तीसगडमधील अंबिकापूर हे यवतमाळच्याच बरोबरीचे, लाख-सव्वा लाखाचे शहर. २०१५पासून तिथे बचत गटांच्या सुमारे साडेचारशे बाया सायकल रिक्षांनी घराघरांतून कचरा घेतात, वस्तीतल्या केंद्रांवर तो वेगळा करतात आणि घरांची फी व माल विक्री यांतून मानधन घेतात. जुना कचरा डेपो मोकळा झाला. केरळात हरित कर्म सेनेने ग्रामपंचायतीच्या पातळीवर असेच काम उभे केले आणि भाव नसलेल्या प्लास्टिकचेही संकलन फीच्या बळावर जमवले. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगर परिषदेने बारीक वर्गीकरण करून डंपिंगची जागाच पाहण्याजोगी केली. लहान गावाला जमत नाही, ही सबब या तिन्ही ठिकाणांनी मोडीत काढली.

पण हक्काच्या बाजूने पाहिले तर तिन्हींकडे एक प्रश्न राहतो. अंबिकापूर आणि केरळात काम मिळालेल्या बाया मुख्यतः बचत गटांतून आल्या, आधी उकिरड्यावर वेचणाऱ्या त्याच होत्या असे नाही. वेंगुर्ल्यात काम कर्मचाऱ्यांनी केले. यवतमाळमध्येही बचत गटांचे जाळे दाट आहे. उद्या सुक्या कचऱ्याचे केंद्र गटाला दिले आणि गटात वेचणारी बाईच नसेल, तर शहर स्वच्छ होईल आणि तिचा रोजगार जाईल. गटाच्या सभासद यादीत आधी कोण, हे केंद्र सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे.

कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे दिलेला न्याय या मुद्द्याला थेट भिडतो. शहराच्या सफाईच्या निविदेत वेचकांना भाग घेता येईल अशी तरतूदच नव्हती, म्हणून ते न्यायालयात गेले. २००३मध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयाने त्यांना निविदा प्रक्रियेत सामावून घेण्याचा आदेश दिला. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१३पासून त्यांना गोळा केलेल्या टनामागे सेवेचे पैसे मिळू लागले. ठेकेदाराला वाहून नेण्याचे पैसे मिळतात तर वाचवलेल्या वजनाचे वेचणारीला का नाहीत, हा युक्तिवाद आपल्याकडच्या निविदांनाही तंतोतंत लागू पडतो.

भाव, कर आणि कंपन्यांची जबाबदारी

वेचणारीचे उत्पन्न तिच्या कष्टापेक्षा कच्च्या तेलाच्या भावावर जास्त अवलंबून असते. तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि भंगाराचा भाव पडतो. ऑक्टोबर २०२१मध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. व्यापारी हा बोजा खाली ढकलतो आणि साखळीत सगळ्यात खाली बाईच असते.

फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्राने प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकांच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकइतके प्लास्टिक पुनर्चक्रीकरणात गेल्याची प्रमाणपत्रे कंपन्यांना आता दाखवावी लागतात. ही प्रमाणपत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगाकडून मिळतात. पैसा कंपनीकडून उद्योगापर्यंत येतो, तिथून वेचणारीपर्यंत पोचावा असे बंधन नाही. भाव नसलेल्या पुड्या-पाकिटांना या पैशातून आधारभाव दिला तर घाटंजीसारख्या गावात उत्पन्न लक्षणीय वाढेल, असे संघटना म्हणतात. उद्योगांचे म्हणणे असे की विखुरलेल्या, नोंद नसलेल्या संकलनाचा हिशेब ठेवणार कसा. दोन्ही बाजूंचे बरोबर आहे, म्हणून पुन्हा सगळे नोंदणीपाशी येऊन थांबते.

अजून न सुटलेले

जुने कचऱ्याचे ढीग उपसून जमीन मोकळी करण्याचे काम स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यभर चालू आहे. आरोग्यासाठी ते आवश्यकच. पण डेपोवरच वेचणाऱ्यांचे काय, याची तरतूद बहुतेक कामांच्या आराखड्यात नसते. मुलांच्या प्रश्नावरही एकमत नाही. मुलांना वेचण्यापासून दूर ठेवायला सगळे तयार आहेत, पण आईबरोबर फेरीवर येणाऱ्या लहानग्याला पहाटे पाच वाजता कोण सांभाळणार, याचे उत्तर सकाळी उशिरा उघडणाऱ्या अंगणवाडीत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे बांधून द्यावेत असे नियम सांगतात. पुण्यात त्यासाठी ‘लाल ठिपक्या’ची मोहीम झाली, तरी बायांच्या हाताला सुया आणि पॅड लागणे थांबलेले नाही.

आणि म्हातारपण. पुण्यात नव्वदच्या दशकात संघटनेत आलेल्या बाया आता साठीपलीकडे गेल्या आहेत. जिल्ह्याच्या गावांतील त्यांच्या वयाच्या बायांना संघटनाही मिळाली नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये हाच काय तो आधार, आणि त्यालाही कागदपत्रे लागतात. हमालांसाठी १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळ आले, कारण तिथे माल उतरवून घेणारा मालक होता आणि त्याच्याकडून लेव्ही वसूल करता येत होती. कचरावेचकांसाठी तशाच कल्याण मंडळाची मागणी संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. वेचणारीला मालक नाही. मग लेव्ही भंगार व्यापारावर बसवायची, वेष्टने बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर, की प्रत्येक टन वाहतुकीचा खर्च वाचवणाऱ्या नगर परिषदेवर, यावर संघटना, व्यापारी आणि शासन यांच्यात अजून सहमती झालेली नाही.